फोटो अपलोड सुरू झाले की पिंग ८ वरून ४०० वर, कॉल तुटतो

काजवा: पुण्यात घरी फायबर आहे, डाउनलोड १००, अपलोड २० एमबीपीएस. स्पीड टेस्ट पूर्ण येते. एरवी मुंबईच्या सर्व्हरचं पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) ८ मिलिसेकंद. मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की तेच ४०० च्या वर जातं. मोठा प्लॅन घ्यावा का?

पाणवठा: घाई नको. तुमच्या आकड्यातच उत्तर आहे. वाटेतल्या बफरमध्ये (डेटा पुढे जायची वाट बघत थांबतो ती जागा) १ एमबी अपलोड साचलं, तर ते झालं ८ मेगाबिट. २० एमबीपीएसने बाहेर पडायला ४०० मिलिसेकंद. कॉलचं दोनशे बाइटचं पॅकेटसुद्धा (डेटाचा छोटा तुकडा) त्याच रांगेत मागे उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. पॅकेट वेळीच टाकून दिलं असतं, तर टीसीपीने (डेटा पाठवण्याचा वेग सांभाळणारी पद्धत) आपणहून वेग कमी केला असता. बफर मोठा असल्यामुळे काहीच हरवत नाही आणि पाठवणारा ओततच राहतो.

आधी खात्री करा. वाय-फायवरूनच दोन खिडक्यांत पिंग सतत चालू ठेवा: एक राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१), एक बाहेर. मग अपलोड सुरू करा. राउटरचं २-३ वर स्थिर आणि बाहेरचंच वाढलं, तर रांग लाइनवर. राउटरचंच ५०-१०० वर उडालं, तर दुखणं वाय-फायचं. केबल लावून परत बघा.

उंबरठा: रांग लाइनवर निघाली, तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) बसवा. वॅन (इंटरनेटकडचा) इंटरफेस निवडा, रांगेचा प्रकार 'केक', अपलोड १८,००० आणि डाउनलोड ९०,००० केबीपीएस. दहा टक्के मुद्दाम सोडायचे, कारण रांग आपल्या राउटरमध्येच लागली पाहिजे; पूर्ण २०,००० लिहिलेत तर ती पुन्हा पुढच्या ओएनटीत (फायबर जोडलेला डबा) जाऊन बसते. हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेट पुढे ढकलायचं काम थेट चिपवर सोपवणं) बंद ठेवा, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात. आणि राउटरचा प्रोसेसर अशक्त असेल तर डाउनलोड पडेल, तेवढं तपासा.

काजवा: केलं. अपलोड चालू असताना आता २० च्या आत. मनापासून आभार! पण न्यूयॉर्कच्या ऑफिस सर्व्हरला अजून २३० आहे. तिथे काय चुकतंय?

पाणवठा: काही चुकत नाही, ते अंतर आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान १२५ मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबली काही सरळ जात नाहीत, म्हणून त्याहून बरंच जास्त. कुठलाही प्लॅन हे कमी करणार नाही.

कमी करायच्या त्या फेऱ्या (एक फेरी म्हणजे सर्व्हरपर्यंत एकदा जाऊन येणं). टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) १.२ वर नवी जोडणी उघडताना टीसीपीची एक फेरी, टीएलएसच्या दोन, विनंतीची एक: ४ × २३० = ९२० मिलिसेकंद, तेव्हा कुठे पहिला बाइट हातात. टीएलएस १.३ एक फेरी वाचवतं. उघडलेली जोडणी बंद न करता पुन्हा वापरली, तर उरते फक्त विनंतीची फेरी. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना या दोन गोष्टी आधी विचारा.