मदत हवी आहे: बंद प्लेटिंग कारखान्याच्या जागेवर मैदान करायचंय, माती कशी तपासावी?

नमस्कार मंडळी. अंबरनाथला आमच्या सोसायटीला लागून साधारण २० गुंठे जागा आहे. तिथला क्रोम प्लेटिंगचा कारखाना कधीच बंद पडला. आता तिथे मुलांसाठी मैदान आणि कडेला भाजीचे वाफे करायचं घाटतंय. सगळे उत्साहात, मीच काय तो अडून बसलोय. टाक्या होत्या त्या कोपऱ्यात भर श्रावणातही गवताची काडी उगवत नाही, आणि डबक्यातलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं दिसतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियमच (प्लेटिंगमध्ये वापरतात ते क्रोमियमचं विषारी रूप) असणार असा माझा संशय आहे. तो कॅन्सरकारक.

एका प्रयोगशाळेत विचारलं, तर म्हणाले, पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना द्या, एकूण क्रोमियम काढून देतो. अहो, मग त्या कोपऱ्यातलं विष चांगल्या मातीत मिसळून आकडा खालीच येणार ना! शिवाय एकूण आकड्यात घातक किती आणि साधा, त्यामानाने बराच कमी विषारी ट्रायव्हॅलंट किती, हे कळणारच नाही.

तर, कुणी असं काम केलंय का? वरची १५ सेंटीमीटर माती पुरेल की खोल बोअर घ्यावं लागेल? निकेल आणि सायनाइडही तपासून घ्यावं ना? २०२५च्या प्रदूषित स्थळांच्या नियमांखाली अर्ज आधी नगरपालिकेकडे करायचा की थेट प्रदूषण मंडळाकडे?

आमच्या अध्यक्षांचं म्हणणं, वर दोन फूट लाल माती टाकली की झालं. विहीर जेमतेम ४० पावलांवर आहे, हे त्यांना कोण सांगणार!