मुलीचा ओबीसीतून इंजिनिअरिंगला नंबर लागला, कॉलेज पूर्ण फी आधी भरायला सांगतंय. काय करावं?

कोरडवाहू:
नमस्कार. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले. साडेतीन एकर, सोयाबीन आणि तूर. मोठीचा कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत कॉम्प्युटरला नंबर लागला, ओबीसीतून. जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर तयार आहे. काल प्रवेश घ्यायला गेलो तर खिडकीवर सांगितलं, १,१२,००० आधी भरा, सरकारचे पैसे आले की परत मिळतील. मुलींची फी माफ झाली असं ऐकून गेलो होतो, सोबत फक्त ४०,००० होते. परवा संध्याकाळपर्यंत मुदत आहे. सोसायटीचं कर्ज अंगावर आहेच, आता हिच्या आईच्या पाटल्या गहाण ठेवायचं चाललंय. परत येताना एसटीत पोरगी एक शब्द बोलली नाही. जाणकारांनी सांगावं.

मधुरा_जालना:
काका, माझ्या बहिणीलाही गेल्या वर्षी असंच सांगितलं होतं. लेखी मागितल्यावर तोंडचं बोलणं बदललं. तोंडी काही मान्य करू नका.

खिडकीपलीकडची:
भाऊ, पाटल्यांना हात लावू नका. मी १४ वर्षं एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी (मराठा समाज) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ, २०२४-२५ पासून. अटी मुख्य दोन: प्रवेश कॅपमधून हवा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर मिळत नाही. तुमचं दोन्हीत बसतंय.

मात्र माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस हे आपल्याला भरावं लागतं. म्हणून उद्या गेल्यावर पहिल्यांदा १,१२,००० ची फोड मागा. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला किती फी मंजूर केली ते त्यांच्या संकेतस्थळावर दिसतं, ते आधी बघून जा. मग प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: मुलगी कॅपमधून प्रवेशित आहे, शासन निर्णयाप्रमाणे सवलतीला पात्र आहे, उरलेले शुल्क भरायला तयार आहे. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाहीच ऐकलं तर तीच प्रत घेऊन तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयात जायचं.

आता महाडीबीटीचं, म्हणजे ही सवलत मिळायला ज्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो त्याचं. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजून लोक घरी बसतात आणि इथंच पोरांचं नुकसान होतं. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग खात्याकडे. यातल्या कुणीही त्रुटी काढून परत पाठवला की तो मुलीच्याच लॉगिनला येऊन पडतो. दुरुस्त करून पुन्हा सादर केला नाही तर तिथंच राहतो.

एक मुलगा अजून आठवतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाइलवर काढला होता, दाखला हातात धरून. अंगठ्याची सावली नेमकी बारकोड नंबरावर. शेवटचे चार आकडे दिसत नव्हते, म्हणून मी अर्ज परत पाठवला. त्याने दोन महिने लॉगिन उघडलंच नाही आणि मुदत संपली. मी फोन करायला हवा होता. त्यानंतर मी परत गेलेल्या अर्जांची वेगळी वही ठेवली आणि दर शनिवारी एकेकाला फोन लावत बसायचे. तुमच्या कॉलेजात अशी वही असेलच असं नाही, तेव्हा मुलीला आठवड्यातून एकदा लॉगिन बघायला सांगा. कागद सपाट ठेवून, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा स्कॅन करा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो. नॉन-क्रीमीलेअर आहे म्हणून दाखला नको असं सेतूवाले कधी सांगतात, ते चूक. दोन्ही वेगळे कागद आहेत. आणि दाखल्यावर ३१ मार्चपर्यंतची मुदत लिहिलेली असते, ती संपलेली नाही ना ते बघून घ्या.

शेवटचं म्हणजे बँक खातं. आधार बँकेत दिलं, लिंक झालं, एवढ्यावर विसंबू नका. डीबीटीचे, म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे, एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जुळवणारी संस्था) ज्या खात्याची शेवटची नोंद असते तिथंच जातात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय त्याची, स्थिती दिसते, मोबाइलवर ओटीपी येतो. खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं आणि चालू हवं.

एक_पालक:
वसतिगृहाचंही बघा. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर ओबीसी मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आणि कर्ज काढायची वेळ आलीच तर सावकाराऐवजी बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा, ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. आम्ही मुलाच्या वेळी तसंच केलं.

कोरडवाहू:
ताई, जाऊन आलो. अर्ज पोरीनेच लिहिला, अक्षर चांगलं आहे तिचं. फोड अशी निघाली: शिक्षण शुल्क ९८,०००, विकास शुल्क ९,८००, बाकी अनामत वगैरे ४,२००. खिडकीवरचे साहेब म्हणाले, पद्धत नाही अशी. तासभर थांबायला लावलं. मग आतून प्राचार्यांनी सही करून दिली आणि १४,००० ची पावती फाडली. प्रवेश झाला. शिक्का मारलेली प्रत घरी ट्रंकेत ठेवली आहे.

आधारचं बघितलं तर तिचं सीडिंग दुसऱ्याच बँकेत निघालं. आठवीत असताना शाळेने उघडलेलं खातं, पाच वर्षांत व्यवहार नाही. आता ते बदलायचं की तेच चालू करायचं?

खिडकीपलीकडची:
बरं वाटलं भाऊ, खूप. ते खातं बंद पडलेलं असणार. कॉलेजजवळ ज्या बँकेची शाखा आहे तिथं तिच्या नावाने नवीन खातं काढा आणि डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म वेगळा भरून द्या. सही तिचीच लागेल. आठ-दहा दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. नवीन बँकेचं नाव दिसेपर्यंत महाडीबीटीचा अर्ज सादर करू नका, पण त्याची शेवटची तारीख मात्र रोज बघत राहा. आणि कंटाळा न करता इथं कळवा.

कोरडवाहू:
सोमवारी तिला घेऊन जातो. तिने आत्ताच कागद उन्हात सपाट ठेवून स्कॅन केले, चारही कोपरे दिसतात.