वेगासोबत आयपी पत्त्याचंही विचारा
घरी इंटरनेट कुणाचं घ्यावं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, 'फायबर सगळ्यांचं सारखंच, शंभर एमबीपीएस जो स्वस्तात देईल त्याचं घ्या'. हे मत मला अर्धंच पटतं. घरगुती फायबर बऱ्याचदा जीपॉन पद्धतीचं असतं. त्यात खाली येणारे (डाउनलोडचे) साधारण 2.5 जीबीपीएस आणि वर जाणारे (अपलोडचे) 1.25 जीबीपीएस एकाच फायबरवरच्या 32 किंवा 64 घरांत वाटले जाऊ शकतात. म्हणून स्पीड टेस्ट रात्री नऊ-दहाला घ्या, तीही लॅन केबल लावून. वायफायवर भिंतींचीच परीक्षा होते.

पण या चर्चेत सीजीनॅटबद्दल अजून कुणीच बोललेलं नाही. आयपीव्ही4, म्हणजे इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते, अपुरे पडतात, म्हणून अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात; हेच सीजीनॅट. व्हिडिओ बघताना काही जाणवत नाही, पण बाहेरून घरच्या कॅमेऱ्याशी किंवा स्टोरेजशी थेट जोडायला गेलं की अडतं. मी कनेक्शन बदललं तेव्हा वेग दुप्पट झाला आणि घरातली बॅकअपची डिस्क बाहेरून दिसेनाशी झाली. दोन संध्याकाळी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या उपकरणाकडे पाठवण्याची राउटरमधली सोय) तपासण्यात गेल्या. शेवटी राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता पाहिला, तर तो 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला निघाला. हा पट्टा 2012 मध्ये सीजीनॅटसाठीच राखून ठेवलेला आहे. तेव्हा वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी स्टॅटिक आयपी (आपला एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मिळतो का आणि आयपीव्ही6 (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) चालू आहे का, हे विचारून घ्याच. घरून काम करणाऱ्यांनी अपलोडचा वेगही वेगळा विचारावा.