मदत हवी आहे : जुन्या रोजनिशीचे मुद्रितशोधन करून घेताना मूळ लेखन कसे राखावे?

नमस्कार,

माझे वडील मालवण तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. १९५६ ते १९८१ या काळात त्यांनी लिहिलेल्या अकरा वह्यांतील निवडक नोंदी आणि त्यांना जोडणारे माझे निवेदन असे सुमारे २४० पानांचे हस्तलिखित आता तयार आहे. पुस्तक मी स्वखर्चाने छापणार असल्यामुळे मुद्रितशोधकाची निवड आणि त्यांना द्यायच्या सूचना ही दोन्ही कामे माझ्यावरच आहेत, आणि त्यातच मी अडले आहे.

पहिली अडचण अनुस्वारांची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. त्याआधीच्या वह्यांत वडील जुन्या पद्धतीने लिहितात : ‘वहाळाला पूर आल्यामुळें शाळेंत सातच मुलें आलीं, बाकीचीं घरींच राहिलीं.’ पुढच्या वह्यांत हे अनुस्वार हळूहळू गळत जातात. काही महिने एकाच पानावर ‘नाहीं’ आणि ‘नाही’ दोन्ही सापडतात, कारण दिवसा मुलांना नवे नियम शिकवणारा हा माणूस रात्री स्वतःच्या हाताची जुनी सवय मोडत होता. माझ्या दृष्टीने हा बदल पुस्तकाचाच एक भाग आहे आणि तो वाचकाला दिसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र नियमांत असे म्हटले आहे, की विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळानुसार छापावे आणि नंतरचे नव्या नियमांप्रमाणे. मग १९५६ ची नोंद मुळाप्रमाणे छापणे चूक ठरेल का?

दुसरी अडचण मालवणी संवादांची आहे, आणि तिचा मला एकदा फटका बसला आहे. यापूर्वी ज्यांच्याकडे काम दिले होते त्यांनी ‘गुरुजी, झिलाक ताप इलो, शाळेत कसो धाडू?’ या वाक्याचे ‘गुरुजी, मुलाला ताप आला, शाळेत कसा पाठवू?’ असे करून टाकले. त्याहून वाईट म्हणजे काही शब्द त्यांनी संपूर्ण फाइलमध्ये एकदम बदलले. ‘तुका’च्या जागी ‘तुला’ घालताना प्रत्येक ‘तुकाराम’चा ‘तुलाराम’ झाला, आणि ते माझ्या लक्षात पाने लावून झाल्यावर आले. कोणते बदल केले याची नोंद नसल्यामुळे मला अकरा वह्या पुन्हा ताडून पाहाव्या लागल्या.

तिसरा प्रश्न लहान आहे. ‘विद्यार्थिगृह’ ऐवजी ‘विद्यार्थीगृह’ असे वडिलांच्या हातून झालेले साधे दोष सुधारावेत की तसेच ठेवावेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षे मुद्रितशोधन करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण सांगितलेला नियम खरा आहे, परंतु तो मला आपल्या कामाला बाधक वाटत नाही. तो एरवी उतारे छापण्यासंबंधी आहे. आपण वह्या दस्तऐवज म्हणून छापत आहात, आणि लेखनातला बदल हाच आपला विषय असेल तर नोंदी मुळाबरहुकूम ठेवणे योग्यच आहे. प्रारंभी अर्ध्या पानाचे संपादकीय टिपण मात्र हवे, नाहीतर वाचक ते मुद्रणदोष समजतील. आपले स्वतःचे निवेदन पूर्णपणे प्रचलित नियमांनुसार असावे. संवादांची काळजी करू नका. पात्राचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा नियमांतच आहे.

‘विद्यार्थीगृह’ही तसेच ठेवा. एकदा मूळ राखायचे ठरवले की सोयीपुरते सुधारता येत नाही. फक्त अर्थच बदलत असेल तेथे तळटीप द्या.

आता मुद्रितशोधकाबद्दल. काम देण्यापूर्वी दोन-तीन पानांचे निर्णयपत्रक तयार करा. कोणत्या नोंदींना हात लावायचा नाही, मालवणीत ‘खंय’ लिहायचे की ‘खय’, संख्या अंकांत की अक्षरांत, हे सगळे त्यात असावे. मूळ नोंदींना फाइलमध्ये वेगळा रंग द्या, म्हणजे वाचताना नजर आपोआप सावध राहते. दहा पाने नमुन्यादाखल तपासून मागा, आणि प्रत्येक बदल दिसेल अशा रीतीनेच काम व्हावे ही अट लेखी ठेवा. एकदम शब्द बदलण्याची सोय वापरू देऊ नका.

मजकूर श्रीलिपी या संगणकीय टंकप्रणालीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत टंकलेला असून नंतर युनिकोडमध्ये आणला असेल, तर आधी तेच दोष काढा. रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो आणि ‘शेतकऱ्यांना’, ‘किनाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ तुटतो. हे राहिले तर मुद्रितशोधकाचे अर्धे लक्ष त्यातच जाते. पाने लावून झाल्यावर आणखी एक वाचन अवश्य करून घ्या. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, पृष्ठक्रमांक आणि अनुक्रमणिका त्याच वेळी तपासता येतात.

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. मजकूर श्रीलिपीतूनच आणलेला आहे, त्यामुळे रफारांचे काम उद्यापासून मी स्वतः हाती घेते. निर्णयपत्रकाचा कच्चा मसुदा याच आठवड्यात येथे ठेवीन, तो आपण एकदा पाहावा ही विनंती. ‘खंय’ मी अनुस्वारासहच ठेवणार आहे, कारण आमच्या गावात तो उच्चार नाकातूनच होतो आणि वडिलांनीही तसेच लिहिले आहे.

एक प्रश्न अजून उरतो. मालवणी बोली घरातली असलेले आणि प्रमाण लेखनाचे नियमही पक्के ठाऊक असलेले मुद्रितशोधक कुडाळ-कणकवलीकडे किंवा मुंबईत कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत संदेशाने कळवावे. दर पृष्ठावर ठरवावा की शब्दसंख्येवर, हेही सांगितल्यास बोलणी करणे सोपे जाईल.