मे महिन्यात माहुली किल्ल्यावर मुक्काम, पाण्याचं काय करायचं?

ठाणेकर_भटक्या:
मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं माहुलीला जायचं म्हणतोय, आसनगावला उतरून. रात्री वर मुक्काम, सकाळी खाली. दोघं अगदी नवखे आहेत. वर टाक्यात पाणी असतं म्हणतात, मग माणशी तीन लिटर पुरेल ना?

कळवा_खारेगाव:
नाही पुरणार हो! मुक्काम आहे तर माणशी निदान पाच-सहा लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. टाक्याच्या भरवशावर निघूच नका, मे मध्ये तळाला नुसता हिरवा गाळ असला तर काय करणार? पहाटे उजाडायच्या आधी गावातून चालायला लागा आणि दहापर्यंत माथ्याजवळची शिडी गाठली नाही तर सरळ मागे फिरा, वरच्या कातळावर दुपारी सावलीच नाही. आपल्याकडे हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, मग अंग थंड कसं होणार, त्यामुळे मोबाईलवर ३६ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. आणि ओआरएसची मोठी पुडी अख्खी एक लिटरमध्येच घाला, छोट्या बाटलीत घट्ट करून नको.

सिस्टर_ऐरोली:
मी हॉस्पिटलमध्ये आहे म्हणून कळकळीने सांगते, ग्रुपमधला गप्प झालेला माणूस बघत राहा. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत म्हणाला की तिथेच सावलीत बसवा, पाणी पाजा. पण असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या तर तो उष्माघात, मग घाम येत असला तरी! कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, जोरात वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा आणि १०८ लावा. आधी गार करायचं, मग खाली न्यायचं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही.

रानवाट_पनवेल:
सिस्टरना +१. मुक्कामाचं राहिलं. उन्हाळ्यात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, रात्री बाहेर पडतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं, दिसत नाही. लघवीला उठलात तरी बूट झटकून घाला आणि टॉर्च पायाशी मारा. चावलंच तर कापू नका, आवळून बांधू नका, हातपाय न हलवता उचलून थेट सरकारी दवाखान्यात. शेकोटी अजिबात नको, वाळलं गवत एका ठिणगीत पेटतं.

ठाणेकर_भटक्या:
खूप आभार सगळ्यांचे. घरी बोललो, नवख्या दोघांना आता नाही, डिसेंबरात नेऊ. आम्ही दोघंच जातो, माणशी सहा लिटर घेऊन. वर रेंजचं काय?

कळवा_खारेगाव:
रेंजवर विसंबू नका. गावात एखाद्या घरी नावं, नंबर आणि उतरायची वेळ सांगून ठेवा, घरच्यांनाही तीच वेळ द्या, म्हणजे उशीर झाला तर कोणीतरी शोधायला निघेल.