सीताबर्डी, हिंगणा, बुटीबोरी: नेटवर्क अ‍ॅक्सेस कंट्रोलचे सर्व्हर किती आणि कुठे ठेवावेत?

बर्डीचा_अ‍ॅडमिन
मंडळी, सल्ला पाहिजे. आमचं मुख्य ऑफिस सीताबर्डीला, गोडाऊन हिंगण्याला आणि कारखाना बुटीबोरीला. सगळं मिळून 600च्या आसपास स्विच पोर्ट. सध्या कोणीही लॅपटॉप आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला की सरळ नेटवर्कमध्ये. हे बंद करायचं आहे. लायसन्सचा खर्च नाही म्हणून पॅकेटफेन्स (नेटवर्कमध्ये कोणाला घ्यायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर) पाहून राहिलो. साहेबांनी दोन सर्व्हर मंजूर केले. एक सीताबर्डीला आणि एक बुटीबोरीला ठेवून क्लस्टर केला, म्हणजे दोन्ही एकासारखे चालवले, तर चालेल का?

रॅकवाला_नागपूर
भाऊ, दोनवर क्लस्टर करूच नका. पॅकेटफेन्सच्या क्लस्टरमागे मारियाडीबी डेटाबेसचा गॅलेरा असतो, म्हणजे सगळ्या सर्व्हरवर एकच डेटा ठेवणारी जोडणी, आणि तो बहुमतावर चालतो. दोघांमधली लिंक तुटली की प्रत्येकाकडे एकच मत उरतं, आणि निम्मं म्हणजे बहुमत नव्हे. वर्धा रोडवर कुठे खोदकामात फायबर कापली गेली, की दोन्ही सर्व्हर धडधाकट असूनही दोन्हीकडचा डेटाबेस क्वेरी नाकारेल.

तिसरा सर्व्हर मागाच. सुरुवातीला तिन्ही सीताबर्डीतच, एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) ठेवा, म्हणजे एक पडला तर व्हर्च्युअल आयपी (तिघांचा मिळून असलेला पत्ता) दुसऱ्याकडे सहज जाईल. फक्त तिन्ही एकाच यूपीएसवर लावू नका. मे महिन्यात आपल्याकडे लाईट आणि एसी सोबतच जातात.

बर्डीचा_अ‍ॅडमिन
तिसऱ्यासाठी साहेबांशी बोलतो. पण मग लिंक गेली तर बुटीबोरीचे लोक अडकतील ना? तिथे रात्रपाळी असते.

रेडियस_ताई
दादा, क्लस्टरपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. बुटीबोरीला एक छोटं फ्रीरेडियस (ओळख तपासणारा सर्व्हर) क्लस्टरच्या बाहेर, स्वतंत्र ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपना सर्टिफिकेट देऊन ईएपी-टीएलएस (पासवर्डऐवजी सर्टिफिकेटवरून ओळख) वापरलं तर ओळख पटवायला डेटाबेस लागत नाही. त्या सर्व्हरचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि की, सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्याचं) सर्टिफिकेट आणि रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी तिथे असली की झालं. ती यादी रोज आपोआप ताजी व्हायला हवी. मुदत उलटलेली यादी तपासायला लावली तर चांगल्या लॅपटॉपलाही नकार मिळतो. स्विचवर पहिला पत्ता सीताबर्डीच्या व्हर्च्युअल आयपीचा, दुसरा या फ्रीरेडियसचा. दोन्ही गेले तर पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाकायचा तेही आत्ताच ठरवा.

प्रिंटर आणि गेटवरचं थम्ब मशीन यांना 802.1एक्स (पोर्टवर ओळख दाखवायची पद्धत) येत नाही, त्यांना मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) आत घ्यावं लागतं. सिस्कोचा स्विच मुळात 30 सेकंदांनी एकदा असं तीनदा 802.1एक्ससाठी विचारतो, म्हणजे मशीन 90 सेकंद ताटकळतं. तोवर त्याचा डीएचसीपी (आयपी पत्ता मागणं) थकून गेलेला असतो आणि शिफ्ट बदलताना गेटवर रांग लागते. तो 30 सेकंदांचा वेळ 10 सेकंदांवर आणा.

बर्डीचा_अ‍ॅडमिन
ताई, थम्ब मशीनचं लक्षातच नव्हतं. हिंगण्याचं काय करू?

रेडियस_ताई
तिथे रात्री काम नसेल तर वेगळा सर्व्हर नको. लिंक गेल्यावर पडायचा व्हीलॅन पुरे, त्यात फक्त इंटरनेट आणि प्रिंटर ठेवा.

पोर्ट_1812
दोघांचंही पटतं. माझ्याकडून दोन गोष्टी. फायरवॉलमध्ये रेडियसचे यूडीपी पोर्ट 1812 (ओळख तपासायला) आणि 1813 (नोंदी ठेवायला) सगळे उघडतात, पण 3799 राहून जातो. आधीच जोडलेल्या माणसाचा व्हीलॅन बदलायचा हुकूम सर्व्हरकडून स्विचला सहसा त्यावरून जातो. तो हुकूम क्लस्टरमधल्या कोणत्याही सर्व्हरकडून येऊ शकतो, म्हणून स्विचवर व्हर्च्युअल आयपीसोबत तिघांचे खरे आयपीही नोंदवा.

आणि पहिल्याच दिवशी कोणाला अडवू नका. पोर्ट ओपन मोडमध्ये ठेवा, म्हणजे तपासणी होते, लॉग पडतो, पण आत सगळे येतात. महिनाअखेरीचं बिलिंग होईपर्यंत तो लॉग वाचत रहा. कपाटामागे कोणी लावलेला जुना स्विच त्यातच सापडेल. नंतर हिंगण्यापासून सुरू करा. पोर्ट कमी आहेत आणि दिवसा जाऊन बसता येतं. बुटीबोरी सगळ्यात शेवटी, तेही भरदिवसा एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहिल्यावरच.