बदललेले युरिडिन आणि रायबोसोम

एमआरएनएमधील (पेशीला प्रथिन बनवण्याची कृती सांगणाऱ्या रेणूमधील) रासायनिक बदल केवळ रोगप्रतिकार यंत्रणेची नजर चुकवण्यासाठी असतात, हे विधान मला अपुरे वाटते. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या संशोधकांनी २००५ मध्ये तो परिणाम दाखवला हे खरेच. परंतु युरिडिन या एमआरएनएच्या घटकाच्या जागी त्याचे बदललेले रूप स्यूडोयुरिडिन आल्यास पीकेआर हे विकर कमी सक्रिय होते, परिणामी आरंभक घटक ईआयएफ-२ वर फॉस्फेट बसवून भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनण्याची क्रिया) रोखण्याची त्याची क्रिया मंदावते आणि प्रथिन अधिक तयार होते. याला दुसरी बाजूही आहे, आणि माझ्या मते तीच अधिक रंजक आहे: एन-१-मिथाइलस्यूडोयुरिडिन या आणखी एका बदललेल्या रूपामुळे काही क्रमांवर रायबोसोम (प्रथिन बनवणारे पेशीतील यंत्र) अडखळून वाचनचौकट, म्हणजे न्यूक्लिओटाइड या एमआरएनएच्या एककांचे तीन-तीनच्या गटांत होणारे वाचन, एका न्यूक्लिओटाइडने सरकू शकते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अशा निसरड्या जागी समानार्थी कोडॉन (तेच अमिनो आम्ल दर्शवणारा तीन न्यूक्लिओटाइडचा वेगळा गट) योजल्यास ही घसरण कमी होते.